कनातीपलीकडचा आवाज

मले आवाज लवकर येतात. कोणी दोन वाक्यं बोललं का माझ्या घशात त्याची जागा होते. शाळेत एकदा मी हेडमास्तरच्या आवाजात दुपारीच सुट्टी देऊन टाकली होती, अर्धी शाळा दप्तर घेऊन घरी गेली. त्याचा मार खाल्ला, पण मारताना हेडमास्तर जे जे बोलले ते दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांले ऐकवलं. मॅट्रिकात दोनदा गचकलो ते ह्याच गुणानं, असं माय म्हणते. पुस्तक वाचाले बसलो का इतिहास मास्तरच्या आवाजात वाचतो, मंग मलेच हसू येते अन् इतिहास राहूनच जाते.

दोन वर्षांमागं दिवाळी झाल्यावर पुलगाव अन् नाचणगावच्या मधातल्या पटांगणात तंबूचा सिनेमा आला. तंबू ठोकणं चालू होतं तवा मी पानठेल्यावर उभा राहून बांबूवाल्यांची नक्कल करून राह्यलो होतो. तंबूचे शेठ मागंच उभे होते, मले पत्ता नाई.

"माझ्या माणसांची टर उडवतो का?" ते म्हणाले.

"नाई शेठ, त्यांचा सराव चालू हाये. तुमचा आवाज अजून घेयाचा हाये," मी म्हणलो, अन् तेच वाक्य त्यांच्या आवाजात परत केलं. "माझ्या माणसांची टर उडवतो का?"

पानवाल्याच्या हातचा चुना सांडला. शेठनं मले त्याच दिवशी कामाले लावलं.

काम सोपं होतं. शेठनं गावातल्या एका चाचाचा टांगा धरला होता, त्याले दोन्ही बाजूनं सिनेमाचं चित्र बांधलेलं. चाचा घोडा हाकणार, मी मागं पत्र्याचा भोंगा तोंडाले लावून बसणार, अन् पुलगाव, नाचणगाव, बाजाराच्या दिवशी देवळीपर्यंत ओरडत फिरणार. पहिले दोन दिवस मी इमानदारीत ओरडलो. कोणी मान वर करून पायलं नाई. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणे, "बेटा, तू तो मुर्दे के पीछे चिल्लाने जैसा चिल्ला रहा. कुछ अपना माल निकाल."

माझा माल म्हणजे आवाज. मंग मी सिनेमा सोडून देला अन् सिनेमा पायणाऱ्यांचे मतं सांगू लागलो, त्यांच्याच आवाजात.

सिनेमा राजाराणीचा होता. राणीचं लगन राजाशी झालेलं, पण तिचं मन माहेरच्या वखतापासून सेनापतीवर. राजाले हे ठाव असते. तो काय करते, त्याच सेनापतीले राणीच्या महालावर पहाऱ्याले ठेवते. सारा सिनेमा राजा हासते, गोड बोलते, अन् झरोक्यातून पायते. शेवटी सेनापती किल्ल्याच्या चोरदरवाज्यात घोडा घेऊन उभा राह्यते. दार उघडं. राणी दारापर्यंत येते, अन् मागं वळते. सकाळी राजा तिच्यासमोर वाटी ठेवते. वाटीत काय हाये ते कोणी बोलत नाई. ती पिते. राजा तवाही हासूनच राह्यला असते.

आता ह्याच्यावर गावचं एक मत कुठून होईन? आखाड्याचे पहिलवान म्हणे, सेनापतीचे दंड पायले का, शेवग्याची शेंग, असा माणूस किल्ला राखून राह्यला म्हणूनच राज्य बुडालं. ड्रॉइंग मास्तर म्हणे, हजार वर्षांमागच्या राजवाड्याच्या भिंतीवर लाल मिरच्यांची माळ कुठून आली, तवा ह्या देशात मिरची नव्हती. अन् आमचे चाचा. त्यांनी सिनेमा चारदा पायला, चारी वेळा फक्त घोडा पायला. "पहले में पैर सफेद, दरवाजे में पैर काले. रानी इसीलिए पलटी. बोली, ये वो घोडा नाई."

हे सारं मी भोंग्यातून सांगो. नाव मी कधी कोणाचं घेतलं नाई. घ्यावंच लागत नव्हतं. पहिलं वाक्य संपाच्या आत लोकच ओरडत, "अरे हा तं डिराइंग मास्तर." खरी गंमत तिथंच होती, लोकाले नाव आपल्या तोंडानं घेऊ देयाचं. ज्याची नक्कल होये तो रागावत नव्हता. उलट रात्री येऊन शेठले म्हणे, मी अजून एक बोललो होतो ते नाई सांगतलं तुमच्या पोट्ट्यानं. तंबू भरू लागला. बायकांची बाजू तं इतकी का कनात फुगून माणसांच्या बाजूनं येये.

तंबूत मधात एक कापडी कनात होती, इकडं माणसं, तिकडं बायका. यंत्र एकच, म्हणून रीळ संपलं का दिवे लागत अन् दुसरं चढेपर्यंत पाच मिनिटं जात. तेवढ्यात मी कनातीले टेकून बसो. माणसं बिड्या ओढत अन् एकमेकांले ऐकू जाईन असं बोलत. बायका खरं बोलत.

शेवटच्या रिळाच्या आधी एका दिवशी मले तो आवाज ऐकू आला. नवीन होता. नवीन म्हणजे मले नवीन. बारीक नाई, थोडा खालून येणारा, अन् वाक्याच्या शेवटी एक लहानसं हसू, जसं पाण्यात गडवा बुडताना आवाज येते ना, तसं. ती कोणाले तरी सांगून राह्यली होती, कारण तिनं सिनेमा आधी पायला असन.

"आता पाय तू, राणी मागं वळते. काऊन वळते? घोडा उभा हाये, दार उघडं हाये. मी नसती वळली."

अन् ते हसू.

ती कोण हाये ते मी इचारलं नाई. खरं सांगतो, इचारासारखं वाटलंच नाई. आवाज मले आवडला होता. घरी जाता जाता नाल्यापर्यंत तो माझ्या घशात बसलाही. हसू बसाले थोडं अवघड गेलं. ते जमलं तवा मी एकटाच रस्त्यात उभा राहून दोन-तीनदा हासलो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चौकात टांगा उभा केला, गर्दी झाली. मी पहिलवान केला, मास्तर केला, चाचाचा घोडा केला. लोक हासून बेजार. मंग म्हणलं, आता बायकांच्या बाजूचं मत ऐका, अन् भोंगा थोडा दूर धरून तो आवाज काढला. "राणी मागं वळते. काऊन वळते? घोडा उभा हाये, दार उघडं हाये. मी नसती वळली." हसूही काढलं, जसंच्या तसं.

मी नाव ओरडाची वाट पाहून राह्यलो होतो. कोणी ओरडलं नाई.

भाजीवाल्या बायका खाली पाहून टोपल्यातली भाजी उगाच हलवू लागल्या. एकीनं पदर तोंडाले लावला. पानठेल्यावरचे लोक माझ्याकडं पाहून नव्हते राह्यले, माझ्या मागं पाहून राह्यले होते. मी वळून पायलं. कापसातून सरकी काढाच्या जिनाच्या फाटकात पारखीबाबू उभे होते. जिनात येणारा कापूस पारखायचे ते, म्हणून सारे त्यांले पारखीबाबूच म्हणत. पांढरं धोतर, काळा कोट, हातात कापसाची एक बोंडी. ते हासून राह्यले होते. मले वाटलं, एक तरी माणूस हासला.

चाचानं मले न इचारता घोडा हाकला. टांगा रेल्वेफाटकापलीकडं गेल्यावर त्यांनी इचारलं,

"किसका आवाज निकाला, मालूम?"

"नाई. कनातीतून आला."

"पारखीबाबू की बीवी का. भुलाबाई के गाने कौन बोलती उस गल्ली में? सब औरतां पीछे बोलती, वो आगे. पूरा गाँव पहचानता वो आवाज. एक तूच नाई पहचानता."

मी म्हणलो, सिनेमातल्या राणीबद्दलच तं बोलली. बाबू तं हासले.

चाचानं घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मेरेकू वो हँसी मालूम है. उसकी पहली बीवी थी. छे साल हुए, मैंने ही टेसन पे छोडी उसकू, मायके भेजने को. बाबू बाजू में बैठे थे, ऐसेच हँस रहे थे. वो औरत पूरे रस्ते एक लब्ज नाई बोली. मैंने पूछा, बेटी पानी पीती क्या, तो भी नाई बोली. गल्लीवाले बोले, साल भर से बोलना छोड दी थी. कैसे छुडाया, वो अल्ला जाने."

 देवळीपर्यंत भोंगा मांडीवर उलटा ठेवला होता. चाकाचा आवाज तेवढा येऊन राह्यला होता, अन् पहिल्यांदा मले कोणाची नक्कल करावीशी वाटली नाई.

त्या दिवशी तंबूत बायकांची बाजू अर्धी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्या. तिसऱ्या दिवशी कनात सरळ लोंबत होती, तिकडं कोणीच नाई. शेठ माझ्यावर चिडले. माणसांच्या बाजूनं मात्र पहिल्या बाकावर पारखीबाबू एकटे येऊन बसले होते. पडद्यावर राणी दारापर्यंत आली, वळली, वाटी आली, ती प्याली. बाबूंनी त्यातलं काय पायलं ते माहीत नाई. मी पायलं तवा ते कनातीकडं तोंड करून बसले होते, अन् मी जिथं टेकून बसतो त्या जागेपासून पलीकडं किती अंतर हाये ते जसं काई डोळ्यानं मोजून राह्यले होते.

सकाळी जिनातला हमाल निरोप घेऊन आला. बाबूंनी दुपारी घरी चहाले बोलावलं हाये.

माय म्हणे, जाऊ नको. मी म्हणलो, नाई गेलो तं तिचं काय होईन? रस्त्यानं मी एक ठरवून गेलतो. ते मले तोच आवाज काढाले सांगतीन. मी वाईट काढीन. इतका वाईट, का शेंबडं पोरगं म्हणन, हा कोणाचाच आवाज नाई. मंग तिच्यावरचं सारं टळन.

ओसरीत पाय ठेवला तं दारातून बाबूंची माय म्हणाली, "चप्पल खाली काढ. अन् भितीले टेकू नको, चुना लागते." घोगरा आवाज, प्रत्येक शब्द मागं ओढून धरल्यासारखा. ती आत गेली.

बाबू झोपाळ्यावर बसले होते. "या, बसा," ते म्हणाले. मले आजवर कोणी या म्हणलं नव्हतं. ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. हातात कापूस होता. दोन्ही चिमटीत धरून ते त्याचा धागा हळूहळू लांब करत, तुटेपर्यंत, अन् मंग पुन्हा जोडून लांब करत.

"तुम्ही कलाकार आहात. माझी एक शंका आहे, तेवढी दूर करा."

"काढू का तो आवाज?" मी म्हणलो. माझी तयारी होती.

"तो नको. तो मी ऐकला. तो आवाज तुम्ही किती वेळ ऐकलात?"

"रीळ बदलेपर्यंत जी."

"म्हणजे पाच मिनिटं."

"तितकेच. त्याच्या आधी नाई, नंतर नाई."

त्यांनी धागा ओढला. "कापूस हातात घेतला की मला कळतं, किती लांब जाईल. ते कळायला मला वीस वर्षं लागली. माझ्या बायकोचा आवाज मी दोन वर्षं ऐकतो. ती हसते कशी, असं मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. तुम्हाला पाच मिनिटांत आलं?"

आतून बांगड्या वाजल्या अन् थांबल्या. दाराच्या मागंच होती ती.

तवा माझ्या ध्यानात आलं का मी उलटं ठरवून आलतो. त्यांची शंका वाक्यावर नव्हतीच, निदान पहिली शंका. पाच मिनिटांत आवाज येत नाई असं ठरलं, तं मी तिले केव्हाचा ऐकून राह्यलो, कुठं ऐकून राह्यलो, कोणत्या दारातून, हे सारं पुढं येत होतं. माझी नक्कल जितकी वाईट, तितकी ती फसणार.

"माझ्या आईनं आत्ता तुम्हाला काय सांगितलं?" बाबूंनी इचारलं.

"चप्पल खाली काढाले, अन् भितीले टेकू नको म्हणल्या."

"तिच्या आवाजात सांगा. एकदाच ऐकलाय ना."

मले आजवर कधी घाम आला नव्हता नक्कल करताना. मी डोळे मिटले. तिचा घोगरेपणा नाकातून येत नव्हता, छातीतून येत होता. शब्द मागं ओढत होती ती, जसं कोणी हिसकून नेऊन राह्यलं असन. मी म्हणलो,

"चप्पल खाली काढ. अन् भितीले टेकू नको, चुना लागते."

आतून लगेच तोच आवाज आला, "कोन बोललं?"

माझ्या तोंडातून पुन्हा निघाला का काय, असं मलेच वाटलं. म्हातारी दारात येऊन उभी राहिली, ओसरीत कोण बाई आली ते पायाले. बाबूंच्या हातातला धागा तुटला. ते मोठ्यानं हासले. पहिल्यांदाच त्यांच्या हासण्याले आवाज आला.

"छान. म्हणजे पाच मिनिटं पुष्कळ झाली."

"एक वाक्यही पुरते जी," मी म्हणलो. मले वाटलं, ती सुटली.

"म्हणजे तुमची तिची ओळख नाही."

"देवाशप्पथ नाई."

"म्हणजे," ते म्हणाले, "वाक्य तिचंच."

मी लगेच म्हणलो, वाक्य मी बनवलं, लोकाले हासवाले बनवतो मी असे. बाबूंनी मान हलवली. "मास्तरांना मी विचारलं. मिरच्यांचं ते खरंच म्हणाले होते. पहिलवानही म्हणाले होते. टांगेवाला घोड्याचं म्हणाला होता. तुम्ही कोणाचंच वाक्य बनवत नाही. खोटं एवढं एकच, आत्ता बोललात ते." मंग आत पाहून म्हणाले, "चहा आण."

दाराच्या फटीतून एक हात आला. कपबशी उंबऱ्यावर ठेवली.

"नुसती ठेवू नये. पाहुण्यांना चहा घ्या म्हणावं," बाबू म्हणाले. "आवाज काय, आता सगळ्या गावाला माहीत आहे."

हात तिथंच राह्यला. बराच वेळ. मंग एका बोटानं तिनं बशी माझ्याकडं थोडी सरकवली अन् हात आत गेला. बाबू झोपाळ्याले पायानं झोका देत माझ्याकडं पाहून हासत राह्यले, मी कप संपवेपर्यंत. चहा कसा होता ते मले आठवत नाई. वाटीतून पिल्यासारखा पिलो.

पाच-सहा दिवसांनी तंबू उठून कारंज्याकडं गेला. शेठनं मले संगं ये म्हणलं, मी गेलो नाई. पानठेल्यावर लोक कधीमधी हळूच म्हणत, काढ ना तो आवाज, इथं कोण हाये? मी म्हणो, घसा बसला. त्या गल्लीतल्या बायका विहिरीवर बोलत, पारखीबाबूची बायको आताशा बोलत नाई. पाणी भरते, मान खाली, भरून जाते. एकीनं चार गोष्टी इचारल्या, एकीचंही उत्तर नाई. चाचानं हे ऐकलं अन् त्या दिवशी घोडा जुपलाच नाई. मले म्हणे, "टेसन का बुलावा आया तो मैं नाई जाऊंगा. बोल देना, घोडा बीमार है."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती दिसली. तवाच मी तिचं तोंड पहिल्यांदा पायलं, ओळखलं ते संगतच्या सासूवरून. कासाराच्या दुकानासमोर हात पुढं करून बसली होती. माझ्याहून एखादं वर्ष मोठी असन. सासू चार पावलांवर कुंभाराकडं वाणाचे बोळके वाजवून घेत होती, पाठ इकडं. मी बाजूच्या दुकानात गुळाले उभा होतो.

"कोणता रंग देऊ?" कासार तिले दोन-तीनदा इचारून थकला. त्याची नजर माझ्यावर गेली. मोठा खटखटी माणूस, कोणाचीही टर उडवणारा. "हे तं बोलतच नाई. ये रे नकल्या, तुले येते ना हिचा आवाज? तूच सांग, हिले कोणता रंग पायजे."

आजूबाजूचे चार लोक हासले. 

तिनं मान वर केली. मले पायलं. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता, एक, तं काय झालं असतं ते मी आजही सांगू शकत नाई. मी दात दाबून धरले. मंग ती कासाराकडं वळली अन् म्हणाली,

"हिरव्या दे. अन् घट्ट नको, मनगटाले लागते."

कुंभाराकडं उभी असलेली म्हातारी गर्रकन वळली. हातातलं बोळकं तसंच. "कोन बोललं?" तिनं इचारलं.

कोणी सांगतलं नाई. कासार खाली पाहून बांगड्या सोडवू लागला. सून मान खाली घालून बसली होती, हात पुढं, अन् म्हातारी एकेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. शेवटी तिची नजर माझ्यावर थांबली. तिले वाटलं मीच.

तो घोगरेपणा छातीतूनच आला होता. शब्द तसेच मागं ओढलेले. दाराच्या मागं उभं राहून सुनेनं माझ्या तोंडून म्हातारीचा आवाज ऐकला होता, एकदाच, अन् तेवढं तिले पुरलं होतं. मी आवाज ओळखण्यात चुकत नाई. त्या नकलेत कुठंच खोट नव्हती. फक्त वाक्य संपल्यावर तिचं ते हसू येयाची मी वाट पाहून राह्यलो होतो, ते आलं नाई.